गट वाचनस्तराचे असावेत, कायमचे नसावेत

वर्गात ‘हुशार’ आणि ‘कच्ची’ असे गट पाडल्याने मुलांवर कायमचा शिक्का बसतो, ही भीती रास्त आहे. परंतु खरा दोष ते गट वर्षभर न बदलण्यात आहे, असे मला वाटते. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीत तिसरी ते पाचवीची मुले, इयत्ता बाजूला ठेवून, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनस्तरांनुसार रोज काही वेळ एकत्र शिकतात, आणि मूल पुढे सरकले की त्याचा गटही बदलतो. गणितात त्याच मुलाचा गट वेगळा असू शकतो, हे फार महत्त्वाचे. मात्र डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण) असलेल्या मुलाला नुसते खालच्या गटात बसवणे अन्यायाचे आहे. त्याला प्रश्न वाचून दाखवावेत आणि उत्तर तोंडी घ्यावे.