लहान सॉफ्टवेअर कंपनीत अजाइल पद्धत नेमकी कशी सुरू करावी?

उद्यमनगरकर
आमची सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी कोल्हापुरात असून बहुतेक ग्राहक शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फौंड्रीमालक (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचे मालक) आहेत. ग्राहकाच्या सर्व अपेक्षा आधी लिहून त्यांवर सही घ्यायची, काही महिने काम करायचे आणि मग संपूर्ण सॉफ्टवेअर एकदम बसवून द्यायचे, अशी आमची आजवरची रीत आहे. बसवल्यानंतर मात्र सुपरवायझर सांगतात की रिजेक्शनची (सदोष निघालेल्या मालाची) नोंद आम्ही अशी करतच नाही, आणि मालक म्हणतात की हे सगळे ठरलेल्या रकमेतच धरलेले होते. आता आमच्या संचालकांनी अजाइल पद्धत स्वीकारायचे ठरवले आहे. रोज सकाळी उभ्याने बैठक आणि दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा छोटा टप्पा, एवढेच मला समजले आहे. त्याने वरील अडचण कशी सुटेल, आणि रक्कम आधीच सांगावी लागत असताना हे कसे जमवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचगंगाकाठ
बैठकीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात स्प्रिंटचा शब्दही नाही. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आराखडा पाळत राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद यांना त्यात अधिक मोल दिले आहे. कागदपत्रे निरुपयोगी आहेत, असे मात्र तो कोठेही म्हणत नाही. ही समजूत ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनीच पसरवली असावी. स्प्रिंट आणि पंधरा मिनिटांची रोजची बैठक या गोष्टी स्क्रम या अजाइलमधील एका विशिष्ट कार्यपद्धतीतल्या आहेत, आणि केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी स्क्रमची मांडणी त्याआधीच, १९९५ मध्ये, जाहीरपणे केली होती.

तुमच्या अडचणीचे मूळ असे दिसते की, सुपरवायझरला सॉफ्टवेअर प्रथम दिसते तेव्हा बदल करणे सर्वांत महाग झालेले असते. म्हणून कामाचे तुकडे कसे पाडता, यावर सगळे अवलंबून आहे. आधी सर्व मास्टर (मूळ माहितीच्या याद्या), मग सर्व एंट्री स्क्रीन, शेवटी सर्व रिपोर्ट असे तुकडे पाडले, तर दोन आठवड्यांचे स्प्रिंट करूनही ग्राहकाच्या हाती शेवटपर्यंत काहीच लागत नाही. त्याऐवजी पहिल्या स्प्रिंटमध्ये एकाच भट्टीच्या हीट नंबरची (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकाची) नोंद, त्या हीटमधील एकाच कास्टिंगचे (ओतीव भागाचे) रिजेक्शन आणि त्याचा दिवसअखेरचा एक साधा रिपोर्ट, एवढेच करावे; पण ते पाळीवरच्या माणसाने प्रत्यक्ष वापरण्याइतके पूर्ण असावे. रिजेक्शनचे कारण ओतकामानंतर लगेच लिहिले जाते की मशिनिंगमध्ये दोष उघडा पडल्यावर, हे तुम्हाला तेथेच कळेल, आणि त्यानुसार पुढच्या कामांचा क्रम बदलता येईल.

‘काम पूर्ण झाले’ म्हणजे काय, हेही टीमने आधीच लिहून ठेवावे. चाचणी झालेली नसेल तर काम पूर्ण नाही, असा नियम नसल्यास अर्धवट कामे पुढच्या स्प्रिंटमध्ये साचत जातात.

राजारामपुरी
रकमेच्या प्रश्नाविषयी लिहितो. रक्कम, मुदत आणि कामांची यादी या तिन्ही गोष्टी एकदम बांधून घेतल्या, तर बदलाला जागाच उरत नाही आणि त्याची किंमत शेवटी गुणवत्तेतून वसूल होते. रक्कम व मुदत निश्चित ठेवावी आणि यादी मोकळी ठेवावी. करारात एकच कलम घालावे: नवीन काम आत आले तर साधारण तेवढ्याच आकाराचे, अद्याप सुरू न झालेले काम यादीतून बाहेर जाईल, आणि कोणते बाहेर जाईल हे ग्राहक ठरवेल. काय सोडायचे हे स्वतःला निवडावे लागले, की मालक पुष्कळ मागण्या आपणहून मागे घेतात. कामाचा आकार मोजण्यासाठी टीम स्टोरी पॉइंट वापरत असेल तर ते टीमपुरतेच ठेवावेत. ग्राहकाला पॉइंटच्या दराने बिल लावू नये, कारण मग पॉइंट फुगू लागतात.

शिरोली नाका
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत असलो तरी सातही जणांना स्प्रिंटमध्ये बांधू नये, असे सुचवतो. जुन्या ग्राहकांचे फोन येतच राहणार. मालासोबतचे चलन छापले जात नाही म्हणून गाडी गेटवर उभी असेल, तर पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबा असे कोणी सांगू शकत नाही. देखभालीच्या दोघांसाठी कानबान अधिक सोयीचे पडेल. ही पद्धत टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी विकसित केली आणि पुढे ती सॉफ्टवेअरमध्ये आली. फळ्यावर ‘करायचे’, ‘चालू’, ‘तपासणी’ आणि ‘झाले’ असे रकाने आखून ‘चालू’ आणि ‘तपासणी’ या रकान्यांत एका वेळी किती कामे असू शकतात, याची मर्यादा लिहावी. फेटलिंगसाठी (ओतीव भागांच्या साफसफाईसाठी) ढीग साचला असताना आणखी ओतकाम केल्याने डिस्पॅच वाढत नाही, तसेच हे आहे. मर्यादा भरली की नवीन काम न उचलता अडलेले काम सोडवायला मदत करायची.

उद्यमनगरकर
आपणा सर्वांचे आभार. एक शंका उरते. स्क्रममधील प्रॉडक्ट ओनर ग्राहकाकडील कोणी असावा का? मालकांना वेळ नसतो, आणि सुपरवायझरच्या शब्दाला मालकांपुढे वजन नसते.

पंचगंगाकाठ
प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी आणि कामांचा क्रम ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे असावा, एवढी स्क्रमची अपेक्षा आहे. ती ग्राहकाकडची असल्यास उत्तम. नसल्यास तुमच्यातील एकाने ती जबाबदारी घेऊन आठवड्यातून काही वेळ फौंड्रीत बसावे. प्रॉडक्शन मॅनेजरला हा अधिकार देत असल्याचे मालकांकडून लेखी घेता आले, तर मला तो पर्याय अधिक पसंत आहे. मालकांकडून मात्र दर दोन आठवड्यांनी फक्त अर्धा तास मागावा. तो ऑफिसात न घेता शॉपफ्लोअरवर, सुपरवायझर स्वतः नोंद करून दाखवत असताना घ्यावा, म्हणजे दोघांचे म्हणणे एकाच स्क्रीनसमोर होईल.