शब्दचर्चा: खरखर, गुणगुण की गुरगुर?

मूळ प्रश्न

दोन ईसीसी८३ व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्यांचा), घरीच जुळवलेला प्रीॲम्प, म्हणजे मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारा टप्पा, बरीच वर्षं बिनतक्रार चालू होता. हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ट्रान्सफॉर्मरची ६.३ व्होल्ट एसी थेट मिळायची, म्हणून स्पीकरला कान लावला तर तळाशी एक मंद सूर ऐकू यायचा. तोही नको म्हणून हीटरसाठी डीसी पुरवठा बसवला: ब्रिज (एसीची डीसी करणारे चार डायोड), २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ७८०६ रेग्युलेटर (६ व्होल्ट स्थिर ठेवणारा). करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता आवाज खुर्चीत बसूनही ऐकू येतो.

मदत मागताना मी लिहिलं, ‘सतत खरखर येते.’ झालं! दोन दिवस व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रोधक) साफ करण्यात, सॉकेटच्या पिना घासण्यात आणि व्हॉल्व्हची अदलाबदल करण्यात गेले. एकाने तर ‘नवे भाग आहेत, मुरू द्या’ असाही सल्ला दिला. शेवटी एका जाणत्या माणसाला फोनवरून तो आवाज ऐकवला. तो म्हणाला, ‘अहो, ही कसली खरखर? ही तर गुरगुर आहे!’ आणि दोष कुठे असेल तेही तिथल्या तिथे सांगून मोकळा झाला.

तर प्रश्न असा: या आवाजांना मराठीत वेगवेगळे नेमके शब्द आहेत, की रेडिओच्या काळापासून आपण सगळ्यालाच खरखर म्हणत आलो आहोत?

उत्तर

शब्द ढिगाने आहेत. आपण वापरत नाही, एवढंच.

खरखर म्हणजे कोरडा आणि अनियमित आवाज. ‘खरखरीत’ हा शब्द त्याच कुळातला, आणि घासण्याशी असलेलं नातं इथेही सुटत नाही. पॉट फिरवताना खरखर झाली तर पॉटमध्ये धूळ असते, नाहीतर त्याच्या आधीच्या कपलिंग कॅपॅसिटरमधून (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणाऱ्या) डीसी झिरपत असते. नुसतंच बसून ऐकताना मधूनच येते ती तडतड. तिच्यासाठी ढिला सांधा किंवा सॉकेटची पिन बघावी.

गुणगुण मात्र सुरात असते. तंबोऱ्याच्या खर्जासारखी एकसंध, गोल, कडा नसलेली. एसी हीटरच्या तारांतून किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते ती ही. गुरगुरीचा पायाही ठरलेल्या सुराचाच, पण तिला दात असतात. लहरीचे कोपरे तीक्ष्ण झाले की वरचे कितीतरी उपस्वर मिसळतात आणि आवाज दातेरी होतो. ‘गुणगुण’मधला ण आणि ‘गुरगुर’मधला र यांतच हा फरक उतरला आहे. व्याकरणाच्या पुस्तकात आपण यांना अनुकरणवाचक शब्द म्हणून एका ओळीत उरकतो, पण ते शब्द बनवणाऱ्यांचे कान तयार होते.

त्यावर हरकत

गुरगुर पटत नाही. गुरगुरण्यात रोख असतो, कोणावर तरी गुरगुरलं जातं. यंत्राला भणभण बरी. भुणभुण नको, ती डासाची, फार उंच सुराची. आणि घरघर तर मुळीच नको. प्रीॲम्पला घरघर लागली म्हटलं की लोक दुखवटा पाळतील.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

भणभण मान्य. घरघर मात्र मी राखून ठेवीन, स्पीकरमधून न येता ट्रान्सफॉर्मरच्या अंगातूनच येणाऱ्या आवाजासाठी. स्पीकरची तार काढली तरी तो थांबत नाही. गाभ्याच्या पत्र्या सैल असतात किंवा वाइंडिंगवर (तारेच्या वेटोळ्यांवर) भलता भार पडलेला असतो. दुसऱ्या कारणाने असेल तर दुखवटा खरोखरच लांब नाही.

आणखी एक उत्तर

शब्दांच्या जोडीला सूरही सांगा, निदान लवकर होतं. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर सरळ प्रेरणाने येणारी गुणगुण ५० ची; ब्रिजमधून गेल्यावर दोन्ही अर्धलहरी एकाच बाजूला येतात, म्हणून तिथली १०० ची. ६० हर्ट्झच्या देशांत ६० आणि १२०. लहान स्पीकर ५० नीट वाजवतच नाहीत, म्हणून शक्य तर हेडफोनवर ऐका.

मूळ प्रश्नातल्या जोडणीचा हिशेब कागदावरच चुकतो. ६.३ व्होल्ट एसीच्या लहरीचं शिखर ८.९ व्होल्टचं. ब्रिजचे दोन डायोड त्यातले दीड-पावणेदोन खातात, उरले सातच्या थोडे वर. ७८०६ ला आत साधारण ८ व्होल्ट लागतात, तेव्हा कुठे बाहेर स्थिर ६ मिळतात. शिवाय प्रत्येक ईसीसी८३ ६.३ व्होल्टवर ३०० मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे दोघांचे ६००. एवढ्या भाराला २२०० मायक्रोफॅरडवर दोन व्होल्टांहून जास्त चढउतार राहतो. प्रत्येक दरीत रेग्युलेटर हात टेकतो आणि चढउतार जसाच्या तसा पुढे जातो, सेकंदाला १०० वेळा. तीच तुमची भणभण. ती मुरून कमी होणार नाही.

खात्री करायला हीटर थोडा वेळ ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. मग शॉटकी डायोड (ते कमी व्होल्ट खातात), मोठा कॅपॅसिटर आणि कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आत-बाहेर थोडाच फरक पुरणारा, रेग्युलेटर घाला. आणि हो, डीसीचं ऋण टोक चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडण्याआधी वाइंडिंगच्या सेंटर टॅपचा (मधोमध काढलेल्या तारेचा) अर्थ काढा.

मूळ प्रश्नकर्ता

मी तासभर सेंटर टॅपचा अर्थ काढत बसलो होतो! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की अर्थिंगची तार सोडवायची आहे.

त्यावर

‘अर्थ’ हा या धंद्यातला सगळ्यात घातकी शब्द. शब्दाचा अर्थ काढावा, सेंटर टॅपचा अर्थ काढावा, पण मेन्सच्या प्लगचा अर्थ कधीही काढू नये, मग गुणगुण कितीही जाओ. पाठ्यपुस्तकातला ‘भूसंपर्क’ इथे खरंच उपयोगी पडतो. भूसंपर्क तोडा म्हटलं की कोणी शब्दकोश उघडत नाही. सेंटर टॅप तसाच राहिला असता तर अर्धं वाइंडिंग ब्रिजच्या एका डायोडमधून दर आवर्तनात शॉर्ट झालं असतं. वर म्हटलेली घरघर ती हीच.

झाकण उघडणार असाल तर आधी मोठ्या कॅपॅसिटरमधला साठा रोधकातून उतरवा आणि मीटर लावून बघा. बंद केल्यावरही तिथे दोन-तीनशे व्होल्ट राहू शकतात.

जाता जाता

एक शब्द राहिला. वीजपुरवठ्याच्या वाटेने एका टप्प्याचा सिग्नल मागच्या टप्प्यात परतला की स्पीकरमधून संथ ‘फट फट फट’ येतं. इंग्रजीत त्याला मोटरबोटीचं नाव आहे. आपल्याकडे मोटरसायकलला फटफटी म्हणतच होते, तेव्हा ‘फटफट’ हा शब्द आयताच तयार आहे.

आणि झडप म्हणावं का, असं कोणी विचारण्याआधी सांगतो: फ्लेमिंगने १९०४ मध्ये वीज एकाच दिशेने सोडणारी नळी केली, म्हणून ब्रिटिशांकडे ‘व्हॉल्व्ह’ पडलं. झडप शब्दशः बरोबर, पण प्रीॲम्पमध्ये झडपा आहेत म्हटलं तर लोक पाण्याचा पंप समजतील.

मूळ प्रश्नकर्ता

बॅटरीवर चिडीचूप झाला. भाग बदलून पुन्हा मेन्सवर घेतला, भणभण गेली. आता रात्री व्हॉल्यूम पूर्ण चढवला की पाठीमागे काहीतरी बारीक ऐकू येतं. सुरात नाही, तुटकही नाही. खरखर लिहिणार होतो, हात आवरला. वाळूवरून वारा गेल्यासारखं आहे.

उत्तर

सळसळ. प्लेटचे (व्हॉल्व्हच्या सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाचे) रोधक जुने कार्बनचे असतील, तर ते मेटल फिल्मचे करा. थोडी तरीही उरेल, ती व्हॉल्व्हची स्वतःची.