‘ब्लाइटी’ म्हणजे आपली विलायतच

‘ब्लाइटी’ म्हणजे इंग्रज सैनिकांच्या बोलीत त्यांचा मायदेश, इंग्लंड. कुणी या शब्दाचा संबंध पिकावरच्या रोगाशी, म्हणजे इंग्रजी ‘ब्लाइट’शी जोडतं. तसं नाही. हा शब्द भारतातूनच तिकडे गेला. मूळ अरबी ‘विलायत’, म्हणजे राज्य, प्रांत. फारसीतून तो हिंदुस्तानीत आला आणि ‘विलायती’ म्हणजे परदेशी, पुढे इंग्लंडचा, असा अर्थ रुळला. बोलताना त्याचं ‘बिलायती’ होई. इथल्या छावण्यांमधल्या गोऱ्या शिपायांनी तेच उचललं आणि त्यांच्या तोंडी त्याचं ‘ब्लाइटी’ झालं. भारतातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा कोश असलेल्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये सोडावॉटरला ‘बिलायती पानी’ म्हणत, अशी नोंद आहे.

शब्द घरोघरी पोचला तो पहिल्या महायुद्धात. खंदकातल्या सैनिकांसाठी ब्लाइटी म्हणजे घर. जीव जाणार नाही, पण मायदेशी पाठवावंच लागेल, अशा जखमेलाही ते ‘ब्लाइटी’च म्हणत. काहींनी तर त्यासाठी स्वतःच्याच हातापायावर गोळी झाडून घेतली. पकडले गेले तर कोर्टमार्शल. जखम व्हावी अशी आस लावणारा हा शब्द वाचला की मला अजूनही गलबलून येतं.

आपल्याकडे मात्र ‘विलायती’ इंग्लंडपुरतं राहिलं नाही. विलायती चिंचेचं झाड तर मेक्सिकोकडचं!