विमा कंपनीच्या बाजूने ट्रायल करायचं काम खरंच कसं असतं?

नाशिकचा_ज्युनियर
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली प्रॅक्टिसला, आत्तापर्यंत चेक बाउन्स, वाटणीचे दावे आणि थोडंफार एमएसीटी (मोटार अपघात भरपाईचं न्यायाधिकरण). आता मुंबईच्या एका ऑफिसातून बोलावणं आलंय, त्यांचं काम मुख्यतः विमा कंपन्यांकडून, फ्रॉडचे क्लेम आणि बाकी कमर्शियल सूट, म्हणजे व्यापारी वादांचे दावे. जन्मभर "क्लेम खोटा आहे" एवढंच म्हणत बसायचं का? आणि ट्रायल मिळते की नुसत्या तारखा? ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा.

पंधरा_वर्षं_काळा_कोट
मी आधी फक्त कंपनीकडून केलं, आता दोन्हीकडून करतो. फ्रॉड हा शब्द कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहायला एक मिनिट लागतं आणि सिद्ध करताना घाम फुटतो, कारण सिद्ध करायचा भार कंपनीवर असतो. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर ६ रूल ४ आहेच, कोणी कधी काय खोटं केलं ते नीट मांडावं लागतं, मोघम लिहिलंस की समोरचा तिथेच धरतो.

तू एमएसीटी केलंयस म्हणजे निम्मं आलंच की. एफआयआर दोन महिन्यांनी, हॉस्पिटलच्या पहिल्या कागदावर "घसरून पडला" आणि नंतर अचानक विमा असलेली गाडी हजर, हे बघितलं असशीलच. तिथे मोटार वाहन कायद्याच्या कलम १७० चा अर्ज देऊन परवानगी घेतल्याशिवाय कंपनीला सगळे मुद्दे लढता येत नाहीत, आणि तो अर्ज वेळेत द्यायला विसरणारे वकील मी पाहिलेत.

आगीचे क्लेम मात्र वेगळीच दुनिया. भिवंडीचं कापडाचं गोडाऊन जळालं असं धर. स्टॉक रजिस्टर जळालेलं असतं, ते नेहमीच जळतं 😄 मग उरतं काय, तर जीएसटी रिटर्न, ई-वे बिलं (मालवाहतुकीचे जीएसटीचे कागद) आणि बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट. बँकेला माल जास्त दाखवलेला असतो कारण कर्जाची लिमिट हवी, रिटर्नमधली खरेदी बघावी तर एवढा माल येणार कुठून. मालकाच्या उलटतपासात मी दोन्ही कागद समोर ठेवतो आणि शांतपणे विचारतो, यातला खरा कोणता? काहीही म्हणाला तरी अडकतो. पण गंमत अशी की बँकेला फुगवून सांगितलं म्हणजे आग लावली असं होत नाही, तेवढ्यावर थांबलेले वकील हरतात.

दुसरं, रिप्युडिएशन लेटर (क्लेम नाकारल्याचं पत्र) कंपनीने पाठवायच्या आधी तुझ्याकडे यायला हवं. त्यात न लिहिलेलं कारण नंतर कोर्टात काढता येत नाही, सौराष्ट्र केमिकल्सच्या केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलंय.

सर्व्हेवाला_काका
मी सर्व्हेअर, म्हणजे विम्याच्या नुकसानीची पाहणी करून रिपोर्ट देणारा, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बरेचदा उभा राहिलोय. आमचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, प्रदीप कुमारच्या केसमध्ये २००९ लाच तसं ठरलंय, पण तो बाजूला सारायला कारण तर द्यावं लागतं ना. एका वकीलसाहेबांनी मला गोडाऊनची लांबी रुंदी उंची विचारली, मग एका गठ्ठ्याचं माप विचारलं आणि म्हणाले आता सांगा तेवढे गठ्ठे आत मावतात का. मी मापं घेतलेली पण तो गुणाकार केलाच नव्हता!! तेव्हापासून राखेचा ढीगसुद्धा टेप लावून मोजतो.

इचलकरंजीची_ताई
दुसरी बाजू पण ऐक रे बाबा. आमचा यंत्रमागाचा कारखाना शॉर्टसर्किटने गेला आणि कंपनीने (नाव नाही घेत) सरळ फ्रॉड म्हणून क्लेम नाकारला, का तर बरीचशी सूत खरेदी एकाच व्यापाऱ्याकडची. बँकेने लिमिट बंद केली, गल्लीत लोक म्हणायला लागले ह्यांनीच लावली असणार. ग्राहक आयोगात गेलो तर पहिला मुद्दा, तुम्ही धंदेवाले, ग्राहकच नाही. गोध्र्यानंतरच्या दंगलीत जळालेल्या हरसोलिया मोटर्सच्या केसमध्ये २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफ्यासाठी नाही, तेव्हा कुठे आमचं गाडं पुढे सरकलं. कैफियतीवर सही करण्याआधी एकदा जागेवर जाऊन बघ एवढंच.

नाशिकचा_ज्युनियर
ताई, लक्षात ठेवीन. सर, आणि कमर्शियल सूटचं काय?

पंधरा_वर्षं_काळा_कोट
तिथे ढिलाई चालत नाही. दावा तीन लाखांचा किंवा त्याहून जास्तीचा आणि वाद कमर्शियल असला पाहिजे, तातडीचा रिलीफ मागत नसशील तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२अ खाली आधी मीडिएशन (मध्यस्थी) सक्तीचं (पाटील ऑटोमेशन, २०२२), आणि कैफियत १२० दिवसांत नाही दिली तर हक्क गेला, न्यायाधीशांनासुद्धा वाढवून देता येत नाही. आपल्याकडे नाशिकला "साहेब, पुढची तारीख" म्हणून जे चालतं ते विसर.

आणि बहुतेक पुरावा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), ईमेल नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रिंटआऊट जोडून भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कायद्यातलं सर्टिफिकेट लागतं. तेच सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा खोतकर विरुद्ध गोरंट्यालचा निकाल वाचलायस का, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला? उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही यावरून भांडण सुरू झालं आणि आज देशभरचे विमा वकील तो वापरतात. सर्टिफिकेटची ती तरतूद आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ झालीय.

ट्रायल भरपूर मिळेल. टॅली मात्र शिकून जा.

नाशिकचा_ज्युनियर
सोमवारी त्यांना फोन करतो. आमच्या वहिनी अकाउंटंट आहेत, टॅली त्यांच्याकडूनच, बदल्यात त्यांचा हाउसिंग सोसायटीचा वाद फुकट लढायचा असं ठरलंय 🙏