७,२०,७२० चे ‘अवयव’ किती? भाजक, विभाजक, अवयव यांतला फरक

प्रश्न : ७,२०,७२० चे अवयव किती, याची ६, १० आणि २४० अशी तीन उत्तरं मिळाली. चूक गणिताची की शब्दाची? आणि भाजक व विभाजक एकच का?

उत्तर : तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, घोळ शब्दाचा आहे. आधी अवयव पाडू. २ ने चारदा भाग जातो : ३,६०,३६०, मग १,८०,१८०, ९०,०९० आणि ४५,०४५. पुढे ३ ने दोनदा : १५,०१५ आणि ५,००५. ५ ने भागलं की १,००१ उरतात. ही मूळ संख्या वाटते, पण ७ ने भाग जातो आणि १४३ येतात. १४३ ही तशीच फसवी, ती ११ × १३ आहे. १३ चा वर्ग १६९, म्हणजे १४३ पेक्षा मोठा, म्हणून १४३ तपासताना ११ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. पण ७ वर थांबलात तर चुकलात.

आता मोजा. वेगवेगळे मूळ अवयव ६ : २, ३, ५, ७, ११, १३. तेच जितक्यांदा आले तितक्यांदा धरले तर १० (चार वेळा २, दोन वेळा ३, बाकीचे एकेकदा). आणि निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या, १ आणि ती स्वतः धरून, २४०. शालेय गणितात ‘अवयव’ आणि ‘विभाजक’ समानार्थी वापरतात, त्यामुळे नुसतं ‘अवयव किती’ विचारलं तर माझ्या मते २४० हेच उत्तर. बाकी दोन्हींसाठी ‘मूळ अवयव’ म्हणायलाच हवं.

प्रश्न : २४० मोजले कसे?

उत्तर : प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार : ५ × ३ × २ × २ × २ × २. हा १ विसरला की उत्तर ८ येतं. तो मिळवायचा, कारण २ हा अवयव विभाजकात शून्य ते चार वेळा येऊ शकतो, म्हणजे पाच पर्याय. २ अजिबात घेतला नाही तर उरलेले ४८ विभाजक विषम.

पुरवणी, भाजकाबद्दल : भाजक म्हणजे ज्याने भागतो ती संख्या, बाकी काहीही उरो. ७,२०,७२० ला १७ ने भागलं तर भागाकार ४२,३९५, बाकी ५. इथे १७ भाजक आहे, विभाजक नाही. १ ते १६ मात्र सगळे विभाजक आहेत. ७,२०,७२० हा त्यांचा लसाविच आहे.

विभक्तीही सांभाळा : ‘१६ ने विभाज्य’ म्हटलं तर विशेषण, ‘१६ ची विभाज्य संख्या’ म्हटलं तर पट.

आणखी एक : ‘सहमूळ’ शब्दातल्या ‘मूळ’मुळे दोन्ही संख्या मूळ असाव्यात असा समज होतो. ७,२०,७२० आणि २८९ सहमूळ आहेत, पण दोन्ही संयुक्त. २८९ म्हणजे १७ × १७. अट एवढीच की १ सोडून सामाईक विभाजक नसावा.

‘वर्गमूळ’मधलं मूळ वेगळं, पण इथे उपयोगी. ८४९ चा वर्ग ७,२०,८०१, म्हणजे आपल्या संख्येहून किंचित मोठा. म्हणून विभाजकांच्या १२० जोड्यांपैकी प्रत्येकीतला लहान विभाजक ८४८ च्या आतच सापडतो.