पार्सलीच्या बियांना थोडा वेळ द्यावा

पंधरा दिवस झाले तरी पार्सलीचे बी उगवले नाही, तेव्हा कुंडी रिकामी करावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नये. पार्सली कोथिंबीर, गाजर आणि ओवा यांच्याच कुळातली असली, तरी तिचे बी फार सावकाश रुजते आणि त्याला तीन-चार आठवडे लागणे स्वाभाविक आहे. पेरण्यापूर्वी ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्यास फायदा होतो.

येथे इंदूरला ऑक्टोबरच्या अखेरीस केलेली पेरणी मला सर्वांत योग्य वाटते, कारण माळव्यातल्या थंड रात्री या भूमध्यसागरी वनस्पतीला मानवतात. आपली काळी माती मात्र पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे; शिवाय सोटमूळ खोल जात असल्याने कुंडी उभट असावी आणि मोठे झालेले रोप हलवू नये. पाने खुडताना बाहेरचे देठ बुडापासून काढावेत, म्हणजे मधून नवी पालवी येत राहते. दुसऱ्या वर्षी फुलोरा आला की पाने कडवट होतात.

स्वयंपाकासाठी सपाट पानांची जात निवडावी, हे माझे ठाम मत आहे. पोह्यांवर ती कोथिंबिरीची जागा घेऊ शकत नाही. परंतु लोण्यात परतलेल्या बटाट्यांवर, आच बंद केल्यानंतर घातल्यास तिचा स्वाद अतिशय खुलतो. घरात कोणी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेत असल्यास ती भरपूर वापरण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण तिच्यात के जीवनसत्त्व पुष्कळ असते आणि ते या औषधाचा परिणाम कमी करू शकते.