रोहू, चिलापी खाल्लं की ओठ सुजतात, माशातलं नेमकं काय बाधतं?

भीमाकाठची:
नमस्कार, आम्ही भिगवणजवळ राहतो, उजनीचा मासा आठवड्यातून दोनदा तरी होतोच घरी. मुलगा सात वर्षांचा. गेल्या महिन्यात रोहूचा रस्सा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, खोकला लागला, तसंच उचलून दवाखान्यात नेलं, इंजेक्शनने उतरलं. पंधरा दिवसांनी चिलापीचा एकच तुकडा खाल्ला तर परत तेच. सासूबाई म्हणतात मासा कच्चा राहिला असेल. कोळंबी मात्र त्याला काहीच करत नाही, हे कसं? आणि समुद्राचा मासा चालेल का? पापलेट वगैरे?

जेलवाला:
ताई, शिजवण्यात काही चुकलेलं नाही, सासूबाईंना तेवढं नक्की सांगा. माशांच्या ॲलर्जीत बहुतेक वेळा सापडतं ते पार्व्हॅल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, अगदी बारकं, १२ किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं माप) आसपास, पांढऱ्या मांसात भरपूर असतं आणि उकळून मोडत नाही. एमएस्सीला आम्ही कच्च्या रोहूचा अर्क आणि उकळलेल्याचा अर्क शेजारी शेजारी जेलवर चालवला होता, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेने प्रोटीनं वेगळी केली, त्यात जड वर राहतात, बारकी तळाशी जातात. निळ्या रंगात बुडवून धुतल्यावर कच्च्यात वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे, उकळलेल्यात वरचे बरेचसे गेलेले, पण तळाचा एक पट्टा तसाच ठसठशीत, मला तो अजून डोळ्यासमोर दिसतो.
पण पट्टा दिसला म्हणजे तोच दोषी असं नाही हं. ते पट्टे मेंब्रेनवर (पातळ कागदासारख्या पडद्यावर) उतरवून त्यावर ॲलर्जी असलेल्या माणसाचं सीरम (रक्तातलं पाणी) घालतात, त्याच्या रक्तातल्या आयजीई अँटीबॉडी (ॲलर्जी घडवणारी प्रोटीनं) ज्याला चिकटतात तो संशयित, मग मास स्पेक्ट्रोमेट्रीने (तुकड्यांचं वजन मोजून) त्याची ओळख पटवायची. काहींच्या अँटीबॉडी वरच्या, जास्त जड एनोलेज (साधारण ५० किलोडाल्टन) किंवा अल्डोलेज (४०) या प्रोटीनांनाही चिकटतात, म्हणून प्रत्येकाचं चित्र वेगळं येतं. आपल्या तळ्यात सोडतात त्या सायप्रिनस कार्पिओच्या (कॉमन कार्प मासा) पार्व्हॅल्ब्युमिनला सिप सी १ म्हणतात, नाव त्या माशाच्याच शास्त्रीय नावावरून, आणि रोहू-कटला त्याच्याच कुळातले.

मुशीप्रेमी:
पापलेट घरी चाखवून बघू नका, हात जोडून सांगते. हे प्रोटीन गोड्या पाण्यातल्या आणि खाऱ्या पाण्यातल्या काटेरी माशांत बरंच सारखं असतं, कॉडमधलंसुद्धा, त्यामुळे नदीचा बाधतो म्हणून समुद्राचा चालेल असा हिशोब लागत नाही. मुशीचं (शार्कचं) पार्व्हॅल्ब्युमिन वेगळ्या प्रकारचं असतं म्हणून काहींना ती सोसते, पण तेही डॉक्टरांसमोरच ठरवायचं. कोळंबीचं कोडं सोपं आहे, तिथे मुख्य दोषी ट्रोपोमायोसिन, ते प्रोटीनच वेगळं. आणि रस्सा उकळताना मुलाला स्वयंपाकघराबाहेर ठेवा, माझ्या भाच्याला नुसत्या वाफेनेच शिंका आणि दम लागायचा.

बंदरावरचा:
एक भर घालतो. शिळ्या बांगड्याने, कुप्याने (ट्यूना) तोंड लाल होतं, गांधी येतात ते मासा शिळा होताना त्यात तयार होणाऱ्या हिस्टामीनमुळे, ती ॲलर्जी नव्हे, बहुतेक वेळा जेवायला बसलेल्या बऱ्याच जणांना एकदम होतं. तुमच्याकडे एकट्या मुलालाच झालं आणि दोन वेगळ्या माशांनी, म्हणजे ॲलर्जीच जास्त पटते.

भीमाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या दोन्ही दिवशी आम्ही पाचजण जेवलो होतो, झालं त्यालाच. पुण्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, कोणता मासा, किती तुकडे, किती मिनिटांनी सुरू झालं सगळं वहीत लिहून नेतेय, सिप सी १ ची रक्ततपासणी होते का तेही विचारते. घरी जवळ ठेवायच्या इंजेक्शनचंही विचारायचंय. तोवर चुलीवर मासा चढणार नाही, सासूबाई स्वतःच म्हणाल्या.